नर्सिंगचे पैसे रुग्णालयाने घ्यायचे आणि कूस नातेवाइकाने बदलायची? नेमके कोणाचे काम कोणते?

पायवाट (धागाकर्ता):

नमस्कार. माझी आई, वय ७८, दोन महिन्यांपूर्वी घरातच मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयात तिची शस्त्रक्रिया झाली. एकूण अकरा दिवस ती तेथे होती आणि आता ती वॉकर धरून घरात चालू लागली आहे. शस्त्रक्रियेबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही. रुग्णालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कृपया कोणी विचारू नये. परंतु त्या अकरा दिवसांत, विशेषतः रात्री, असे काही प्रसंग घडले की त्यांत चूक आमची होती, परिचारिकांची होती की रुग्णालय चालवणाऱ्यांची, हे मला अजून ठरवता आलेले नाही, आणि माझ्या धाकट्या भावाचे व माझे त्यावरून आजही एकमत होत नाही.

पहिला प्रसंग शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्रीचा आहे. आईच्या डाव्या हाताला सलाईन चालू होते. अडीचच्या सुमारास ती "हात ठणकतोय रे" असे म्हणाली, म्हणून मोबाइलच्या उजेडात पाहिले, तर मनगटापासून जवळजवळ कोपरापर्यंत हात सुजून तुकतुकीत झाला होता आणि हातातली बांगडी मांसात रुतली होती. मी बेल दाबली, पाच मिनिटांनी पुन्हा दाबली, मग काउंटरवर जाऊन आलो, पण तेथे कोणीच नव्हते. सिस्टर आल्या तेव्हा तीन वाजत आले होते. त्यांनी सलाईन बंद केले, सुई काढली, साबणाच्या पाण्याने बांगडी सोडवली आणि दुसऱ्या हाताला नवीन सुई लावली. "म्हाताऱ्या माणसांचं होतं असं कधीकधी," एवढेच त्या म्हणाल्या. त्या मजल्यावर तेवीस रुग्ण होते आणि रात्रभर त्या एकट्याच होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. भाऊ मात्र सकाळी आला तो थेट काउंटरवर जाऊन दिवसपाळीच्या सिस्टरांवर चढ्या आवाजात बोलला. त्यांचा त्या रात्रीशी काडीचाही संबंध नव्हता.

दुसरी गोष्ट इंजेक्शनांची. प्रत्येक वेळी मी "कोणते औषध आहे?" असे विचारले की "डॉक्टरांना विचारा, आम्हाला सांगायची परवानगी नाही" हे एकच उत्तर मिळत असे. पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला औषधांचा तक्ता मी एकदा हातात घेतला, तेव्हा तो काढून घेण्यात आला.

तिसरी गोष्ट सर्वांत खटकली. दर दोन तासांनी कूस बदलायची, असे डॉक्टर राउंडच्या वेळी सांगून गेले. सिस्टर म्हणाल्या की ते नातेवाइकांनी करायचे असते, जमत नसेल तर ब्युरोची, म्हणजे रुग्णासाठी माणसे पुरवणाऱ्या संस्थेची, मावशी लावा. आम्ही मावशी लावली. तिचे बारा तासांचे पैसे आम्ही दिले, आणि रुग्णालयाच्या बिलात 'नर्सिंग चार्जेस' म्हणून रोजची रक्कम वेगळी लागली. मावशी स्वभावाने चांगल्या होत्या, पण शस्त्रक्रिया झालेला पाय कसा धरायचा हे त्यांना कोणी दाखवले नव्हते आणि मलाही नाही. सहाव्या दिवशी आईच्या माकडहाडापाशी लाल चट्टा उमटला.

तर माझे विचारणे असे आहे की रुग्ण म्हणून आणि त्याचा नातेवाईक म्हणून मला नेमके काय मागण्याचा हक्क आहे, परिचारिकेला आमच्याकडून काय अपेक्षित असते, आणि या दोहोंच्या मधली जी कामे आहेत ती कोणाची? येथे या क्षेत्रातील मंडळी आहेत, त्यांनी मोकळेपणाने लिहावे. आमचे चुकले असेल तर तेही सांगावे.

तिसरी पाळी:

पायवाट, मी सरकारी रुग्णालयांत एकतीस वर्षे नोकरी केली, त्यांतील शेवटची नऊ वर्षे परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, म्हणून. निवृत्त झाल्यामुळे मला आता कोणाला सांभाळून घेण्याची गरज नाही, तेव्हा तुमच्या तिन्ही प्रसंगांविषयी जसे वाटते तसे लिहिते.

सुजलेल्या हातापासून सुरुवात करते. सुई शिरेतून निसटून सलाईन आजूबाजूच्या मांसात जाणे, ज्याला आम्ही वॉर्डात 'आयव्ही आउट झाली' म्हणतो, हे चांगल्यातल्या चांगल्या हाताकडूनही होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंच्या शिरा कागदासारख्या असतात, झोपेत हात वळला तरी पुरे. म्हणून आयव्ही आउट होणे हा काही गुन्हा नाही. पण सूज कोपरापर्यंत चढली, याचा अर्थ त्या हाताकडे काही तास कोणी पाहिले नव्हते, आणि ती मात्र चूकच आहे. दर खेपेस सुईच्या जागेवर बोट ठेवून पाहायचे, गरम लागते का, गार लागते का, फुगले आहे का, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. पट्टीवर सुई लावल्याची तारीख लिहायची, हेही त्याच वर्षी शिकवतात. पुढच्या वेळी पट्टीवर तारीख आहे का ते पाहा, त्यावरून त्या वॉर्डाची शिस्त बरीचशी कळते. राहता राहिली बांगडी. ती शस्त्रक्रियेला नेण्यापूर्वीच निघायला हवी होती. तयारी करणाऱ्या सिस्टरने ती काढायला सांगायची आणि नातेवाइकांनी 'सौभाग्याची आहे, राहू द्या' असे म्हणायचे नाही. तुमच्याकडे यांपैकी काय झाले ते तुम्हालाच ठाऊक.

आता तेवीस रुग्णांना एक सिस्टर. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डासाठी तीन खाटांमागे एक परिचारिका लागते आणि इतर रुग्णालयात पाच खाटांमागे एक, शिवाय रजेवर जाणाऱ्यांसाठी ३० टक्के जास्तीच्या. हे पूर्ण दिवसाचे प्रमाण आहे. ते तीन पाळ्यांत वाटले की एका पाळीत एकीच्या वाट्याला अनुक्रमे नऊ आणि पंधरा रुग्ण येतात. अतिदक्षता विभागाचे गणित निराळे, तेथे एका रुग्णामागे एक. म्हणजे ढिल्यातला ढिला निकष लावला तरी तुमच्या मजल्यावर रात्री दोघी हव्या होत्या. रात्री दहाची औषधे वाटून संपेपर्यंत साडेअकरा होतात, बाराला प्रतिजैविकांची इंजेक्शने असतात, मध्ये कोणाची लघवीची पिशवी भरते, कोणाला उलटी होते, कोणी नवीन दाखल होतो आणि त्याच्या कागदांत पाऊण तास जातो. पहाटे पाचला रक्ताचे नमुने सुरू. त्यात तेवीस जणांच्या हातावर दर दोन तासांनी बोट ठेवायचे तर त्या बाईंना बसायला नव्हे, श्वास घ्यायलाही वेळ उरणार नाही. तुमच्या भावांनी आवाज चढवला तो सकाळच्या सिस्टरवर. ज्या कार्यालयात बसून तेवीस रुग्णांना एक अशी ड्यूटी लावली जाते, त्या कार्यालयाच्या दारावर कोणी टकटकही करत नाही. माझ्या एकतीस वर्षांत मी हेच पाहिले.

औषधाचे नाव सांगण्याविषयी मात्र मी त्या सिस्टरच्या बाजूने उभी राहणार नाही. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, ही पाच गोष्टींची खातरजमा इंजेक्शन देण्यापूर्वी करायचीच असते, आणि ती करताना रुग्णाला "आजी, तुमचं नाव काय?" असे विचारणे हा तिचाच भाग आहे. 'सात नंबर बेड' असे म्हणून औषध देणे चूक, कारण बेड बदलतात. मी माझ्या विद्यार्थिनींना सांगत असे की कुपी फोडण्यापूर्वी नातेवाइकाला लेबल दाखवा. विचारणारा नातेवाईक म्हणजे फुकटात मिळालेली दुसरी तपासणी आहे. एकदा एका मुलाने "वडिलांना पेनिसिलिन चालत नाही" असे इंजेक्शन भरल्यावर सांगितले होते. केसपेपरवर त्याचा उल्लेख नव्हता. मी आजही त्या मुलाची आभारी आहे. तेव्हा औषधाचे नाव, ते कशासाठी, पुढची वेळ कोणती, हे सिस्टरने सांगावे. निदान काय, शस्त्रक्रियेचा धोका किती, औषध बदलून का दिले, ही उत्तरे डॉक्टरांची, तेथे "डॉक्टरांना विचारा" हे उत्तर बरोबर आहे.

कूस बदलणे हे परिचर्येचे काम आहे, यात शंका नको. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तर ते दोघांचे काम आहे. एकीने पाय सांभाळायचा, दुसरीने खांद्याकडून वळवायचे आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवायची. नातेवाइकाने मदतीचा हात द्यावा, त्यात काही वावगे नाही. घरी गेल्यावर तुम्हालाच करायचे आहे, म्हणून शिकून घेतलेलेच बरे. पण मदत करणे निराळे आणि जबाबदारी अंगावर येणे निराळे. न शिकवता सोडून देणे हे तर धोक्याचेच. लाल चट्टा बोटाने दाबून पाहा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. लालच राहिला तर शय्याव्रणाची पहिली पायरी समजा, त्यावर चोळू नका आणि लगेच दाखवा.

आता तुमच्या बाजूचे. आई घरी कोणती औषधे घेत होत्या, विशेषतः रक्त पातळ करणारी, हे पहिल्याच दिवशी सांगितले होते का? काढे, गावठी औषधे, गुडघ्यासाठी कोणी दिलेल्या पुड्या, हे सगळे त्यात आले. सलाईन लवकर संपावे म्हणून त्याचे चाक कोणी फिरवले होते का? (हसू नका, दर वॉर्डात एक तरी वीर असतो.) आणि शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायला सांगितल्यावर कोणी चहा-बिस्किटे दिली नव्हती ना? दुधाचा चहा पोटात असताना भूल दिली आणि तो उलटून श्वासनलिकेत गेला तर रुग्ण दगावू शकतो. हा चहा नेहमी प्रेमापोटी दिला जातो आणि नेहमी लपवला जातो.

सफेद बूट:

मी पुरुष परिचारक आहे, जीएनएम हा नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम केला आहे आणि सहा वर्षे खासगी रुग्णालयांत काम करतो. ताईंनी लिहिलेले बहुतेक पटले. परंतु सरकारी नोकरीत राहून 'सिस्टरने औषधाचे नाव सांगितले पाहिजे' असे म्हणणे जरा सोपे आहे, असे नम्रपणे सुचवतो. आमच्याकडे रुजू होताना तोंडी ताकीदच मिळते की रुग्णाला काही सांगायचे नाही. कारण नातेवाईक औषधाचे नाव मोबाइलवर शोधतात, दुष्परिणामांची यादी वाचतात आणि डॉक्टरांना फोन करतात, मग डॉक्टर व्यवस्थापनाला आणि व्यवस्थापन आम्हाला विचारते. सांगितल्याबद्दल मेमो मिळालेले सहकारी माझ्या ओळखीचे आहेत. न सांगितल्याबद्दल मेमो मिळालेला एकही नाही.

दुसरे असे की पुढच्या पाळीचा माणूस आला नाही तर आम्हाला वॉर्ड सोडता येत नाही, रुग्ण वाऱ्यावर सोडल्यासारखे होते. त्यामुळे रात्रपाळी करून तसेच पुढे दुपारी दोनपर्यंत उभे राहिल्याचे दिवस महिन्यातून तीन-चार तरी येतात. सोळाव्या तासाला इन्सुलिनची मात्रा भरताना माझाच माझ्यावर विश्वास नसतो. पोटॅशियम, इन्सुलिन, हेपॅरिन ही औषधे दोघांनी तपासून द्यावीत, असे शिकवले जाते. दुसरा माणूस कुठून आणायचा? 'मला विश्रांती हवी' हा आमचा हक्क आहे की लाड, हे एकदा कोणीतरी सांगावे.

धागाकर्त्यांच्या बंधूंविषयी एवढेच म्हणेन की आवाज चढवून बोलणारे नातेवाईक आम्हाला रोज भेटतात. काही जण तोंडासमोर मोबाइल धरून चित्रण करतात, काही 'ए सिस्टर' म्हणून चुटकी वाजवतात. महिला सहकाऱ्यांच्या वाट्याला येते ते याहून वाईट असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ साली परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला तो पाळी संपवून तळघरात कपडे बदलत असताना. पुढची ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली, हे सगळ्यांना पाठ आहे आणि त्याचे कौतुकही होते. मी आज जेथे काम करतो तेथे मुलींची कपडे बदलण्याची खोली जिन्याखाली आहे आणि तिची कडी आतून नीट लागत नाही.

तारीख पे तारीख:

मी वकील आहे आणि ग्राहक आयोगात रुग्णालयांच्या बाजूने तसेच विरुद्धही काम केले आहे. कायद्यापुरते लिहितो.

महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही. आपल्याकडे खासगी रुग्णालयांना १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे आणि त्याखालील नियमांत २०२१ साली मोठी सुधारणा झाली. त्या सुधारणेनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक रुग्णालयात दिसेल असे लावावे लागते, आणि स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकाऱ्याकडे तक्रार निवारण कक्ष असावा लागतो. महापालिका क्षेत्रात हे काम महापालिकेचा आरोग्य विभाग पाहतो. तुम्ही अकरा दिवस तेथे होता, तर सनदेचा फलक कोठे होता ते आठवून पाहा. बहुतेक ठिकाणी तो असतो, पण लिफ्टच्या मागे.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. आजाराविषयी माहिती, कागदपत्रांच्या प्रती, तपशीलवार बिल, पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासताना दुसऱ्या स्त्रीची उपस्थिती, बिलाच्या वादावरून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून न ठेवणे, हे सर्व त्यात आहे. त्याच सनदेच्या शेवटी रुग्णांच्या व नातेवाइकांच्या जबाबदाऱ्याही आहेत. खरी माहिती देणे, सूचना पाळणे, कर्मचाऱ्यांचा मान राखणे, तक्रार असली तरी हाणामारी व तोडफोड न करणे, आणि उपचार नाकारले तर परिणामांची जबाबदारी स्वतः घेणे. हक्कांचे पान सगळे छापून घेतात, हे पान कोणी वाचत नाही.

कागदपत्रांबाबत कायदा स्पष्ट आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत व्यक्तीने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात आणि दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. इनडोअर पेपरमध्ये, म्हणजे दाखल असतानाच्या कागदांत, परिचारिकांच्या नोंदी व औषधांचा तक्ताही येतो, तो आवर्जून मागावा. सफेद बूट यांनी सांगितलेली 'तोंडी ताकीद' या कायद्यासमोर टिकणारी नाही. रुग्णालयाला स्वतःच्या कर्मचाऱ्यांवर ती लादता येईल, रुग्णाचा हक्क तिने संपत नाही. संमतीच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ सालीच सांगितले आहे की तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही. म्हणून दाखल होताना दहा कोऱ्या कागदांवर सह्या करू नयेत.

परिचारिकेच्या चुकीची जबाबदारी कोणाची, यावर १९९८ चा स्प्रिंग मेडोज रुग्णालय विरुद्ध हरजोल अहलुवालिया हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचण्यासारखा आहे. विषमज्वरासाठी दाखल केलेल्या एका मुलाला शिरेतून इंजेक्शन दिले गेले आणि तो तत्क्षणी कोसळला. त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. इंजेक्शन देणारी मुलगी नोंदणीकृत परिचारिकाच नव्हती, असे निष्पन्न झाले. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना त्यांच्या मनस्तापापोटी पाच लाख, अशी भरपाई कायम झाली, आणि ती त्या मुलीकडून नव्हे तर रुग्णालयाकडून. तिला त्या खोलीत उभे करणारे कोण, हाच प्रश्न न्यायालय विचारते. मी स्वतः पक्षकारांना सांगतो की पांढरा कोट पाहून सगळ्यांना सिस्टर समजू नका. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी आहे का, असे रुग्णालयाला लेखी विचारण्यात कोणाचाही अपमान नाही. नोंदणीकृत परिचारिकेच्या गैरवर्तनाची तक्रार त्याच परिषदेकडे करता येते.

नर्सिंग चार्जेस घेऊन वर मावशी लावायला सांगणे. यावर मी रुग्णालयाला लेखी विचारीन की या रकमेत नेमक्या कोणत्या सेवा येतात. सोबतीला माणूस हवा असेल तर तो तुमच्या खर्चाने, हे समजू शकते. पण डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेली परिचर्या बिनप्रशिक्षित माणसाकडून करवून तिचेच पैसे बिलात लावणे ही सेवेतील त्रुटी आहे, असे मी आयोगापुढे नक्की मांडेन. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते.

सफेद बूट, तुमच्यासाठीही कायदा आहे. रुग्णसेवा देणाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा नोंदणीकृत परिचारिकांना आणि परिचर्येच्या विद्यार्थ्यांनाही लागू आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड पन्नास हजारांपर्यंत, आणि नुकसानीची भरपाई दुप्पट. जिन्याखालच्या खोलीबद्दल म्हणाल तर २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही सुरक्षित वातावरण देणे ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. रुग्णालयातील अंतर्गत समितीकडे आणि व्यवस्थापनाकडे त्या मुलींनी मिळून, एकटीने नव्हे, लेखी अर्ज द्यावा. कडीचा फोटो जोडावा.

पायवाट (धागाकर्ता):

सर्वांचे मनापासून आभार. आधी एक कबुली देतो. तिसरी पाळी ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मी मावशीला, म्हणजे आईच्या बहिणीला, फोन केला. शस्त्रक्रियेच्या दिवशी पहाटे सहाला आईने घसा कोरडा पडला म्हणून चहा मागितला आणि मावशीने थर्मासमधला अर्धा कप दिला होता. सव्वाआठला आईला आत नेले. मावशीने तो कप खिडकीत लपवून ठेवला होता. आम्हाला हे इतक्या दिवसांनी, तुमच्या एका वाक्यामुळे कळले. भावाने ऐकल्यावर पहिल्यांदाच तो काही बोलला नाही.

दुसरे, वकीलसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे मी इनडोअर पेपरची मागणी केली. मेट्रनबाईंनी बसवून घेतले, झेरॉक्सचे पैसे घेतले आणि तिसऱ्या दिवशी प्रती दिल्या. त्याबद्दल त्यांना श्रेय दिले पाहिजे. परंतु त्या रात्रीचे पान पाहून मी चक्रावलो. बारा, दोन आणि चार या तिन्ही वेळांसमोर 'कूस बदलली' असे लिहिले आहे, आणि दोनसमोर 'सुईची जागा ठीक' असेही. त्या रात्री आईची कूस मी सोडून कोणीही बदलली नाही, आणि सुईची जागा अडीच वाजता कशी होती ते मी वर लिहिलेच आहे. तिन्ही नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसतात.

मला त्या सिस्टरविषयी राग नाही. बांगडी काढताना त्या आईशी फार हळुवारपणे वागल्या होत्या. तक्रार केली तर रुग्णालय त्यांना काढून टाकेल आणि पुढच्या रात्री तेवीस रुग्णांना दुसरी कोणीतरी एकटीच उभी राहील. न केली तर हे पान खरे ठरते. काय करावे?

तिसरी पाळी:

चहाचे वाचून काही वेळ लिहायलाच सुचले नाही. आईंचे नशीब बलवत्तर. मावशींना फार बोलू नका, त्या आधीच अर्ध्या झाल्या असतील.

त्या पानाविषयी. जे लिहिले नाही ते केले नाही असे धरले जाते, असे आम्हाला शिकवतात, आणि त्याची उलटी बाजू अशी होते की जे केले नाही तेही लिहून ठेवायची सवय लागते. मी खोटे बोलणार नाही. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी, साथीच्या दिवसांत, साठ रुग्णांच्या वॉर्डात मी पहाटे चारचे तापमान टेबलाशी बसून भरले आहे. एका रुग्णाला तेव्हा खरोखर ताप होता आणि तो सकाळी राउंडला डॉक्टरांनी हात लावल्यावर कळला. त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिले. तेव्हापासून घेतले नाही तर 'घेता आले नाही' असे लिहीत आले. मेट्रनशी भांडणे झाली, पण मनुष्यबळ कमी आहे हे कागदावर आले, आणि दीड वर्षाने का होईना, रात्रीला दुसरी सिस्टर मिळाली. म्हणून 'सुईची जागा ठीक' या नोंदीचा बचाव मी करणार नाही. ड्यूटी लावणाऱ्याने तिला एकटे पाडले हे खरे, पण ते तीन शब्द तिने स्वतःच्या हाताने लिहिले.

तरी पत्र तिच्या नावाने लिहू नका. पत्र वैद्यकीय संचालकांच्या नावाने लिहा आणि त्यात तारीख, मजला, त्या रात्रीची रुग्णसंख्या, परिचारिकांची संख्या, बेल दाबल्याची वेळ, हाताचा फोटो असल्यास तो, आणि नोंदवहीतील तीन वेळा, एवढेच असू द्या. विशेषणे नकोत. शेवटी दोनच गोष्टी विचारा. रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका ठेवण्याचे त्यांचे लेखी धोरण आहे, आणि नर्सिंग चार्जेसमध्ये कूस बदलणे येते की नाही. उपाशी ठेवलेल्या रुग्णाला चहा दिला गेला, हेही त्याच पत्रात स्वतःहून लिहा. लिहायला जड जाईल, पण त्यामुळे पत्राला वजन येईल, आणि पुढच्या रुग्णाच्या नातेवाइकांना सिस्टर ते दोनदा विचारतील. पत्राची पोच घ्यायला विसरू नका. उत्तर आले नाही तर पुढचा रस्ता वकीलसाहेबांनी वर सांगितला आहेच.

सफेद बूट, सोळाव्या तासाला इन्सुलिन भरायची वेळ आली तर मात्रा वाचून रुग्णाच्या नातेवाइकाला सिरिंज दाखवत जा. तो दुसरा परिचारक नव्हे, पण सिरिंजवरचे आकडे त्यालाही वाचता येतात.

आणि पायवाट, माकडहाडाचा चट्टा बरा झाला असे गृहीत धरते. आई दिवसातला बराच वेळ पडून असतील तर टाचाही रोज पाहत जा, तेथे सगळ्यात शेवटी लक्ष जाते. पोटरीखाली घडी केलेली चादर ठेवली की टाच अधांतरी राहते.